भिंत आधी बघ, चित्र मग

बाय, गोव्यात घर घेतलंस आणि ते सजवायला लगेच म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात धावलीस! उत्साह कळतो मला, पण एक पावसाळा त्या घरात काढ. चिऱ्याची भिंत ओल धरते. पावसाची झड लागते त्या भिंतीवर कागदावरचं चित्र लावूच नकोस. गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचं प्रिंट आतल्या, कोरड्या भिंतीवर लाव. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटव, म्हणजे मागे हवा खेळेल. माझं एक जुनं जलरंगचित्र बुरशीनं गेलं, अजून हळहळ वाटते.

शिसवी कपाट घेताना खण बाहेर काढून उलटा कर. बारीक भोकं आणि ताजा पिवळसर भुसा दिसला तर किडा जिवंत आहे, कितीही सुंदर असलं तरी सोड. पितळी समईला रोज घासून नवी करू नकोस. तो जुना, मऊ रंगच तिचं सौंदर्य.

शंभर वर्षांवरच्या मूर्तीला १९७२चा पुरावस्तू कायदा लागतो. कागदपत्रांशिवाय ती घेऊ नकोस. देवळातली असेल तर मुळीच नको.

आणि काही भिंती मोकळ्या ठेव. करपांच्या, म्हणजे पातळ शिंपल्यांच्या तावदानांच्या, खिडकीतून येणारा दुधी उजेड तिथे पडू दे.