पाचारण ओळखण्याची घाई करू नका

मिरजेत रविवारच्या उपासनेनंतर आपण मला विचारलेत की, देवाने आपल्याला बोलावले आहे, म्हणजेच आपल्याला पाचारण झाले आहे, हे ओळखावे कसे. पाचारण म्हणजे पाळक (चर्चचा धर्मगुरू) होणे, अशी समजूत प्रथम सोडा. बायबलमधील प्रेषित पौलाच्या पत्रांत हा शब्द मुख्यतः ख्रिस्ताकडे येण्याच्या हाकेसाठी येतो. मत्तय या जकातदाराला येशूने जकातीच्या नाक्यावरून हाक मारली, तेव्हा त्याच्या गाठीशी दाखवण्याजोगे कोणतेही पुण्य नव्हते, आणि कृपा म्हणतात ती हीच. गुरुकृपा, देवकृपा हे शब्द रोजच्या बोलण्यातले असल्यामुळे आपल्याला कृपा समजली असे वाटते. परंतु उपवास वाढवून ती मिळवता येईल असे मनात धरलेत, तर पौलाच्या रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायाप्रमाणे ती देणगी न राहता मजुरी ठरेल.

माणूस ही कृपा नाकारू शकतो का, या वादात इतक्यात पडू नका. नेदरलँड्समधील डॉर्टच्या प्रोटेस्टंट धर्मसभेने १६१८-१९ मध्ये त्यावर निर्णय दिला, तरी धर्मसुधारक कॅल्विन आणि मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक वेस्ली यांचे अनुयायी आजही एकमत नाहीत.

नोकरी सोडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये आपल्याच मिरजेत रुग्णालय उभारले, ते वैद्यकीलाच सेवा मानून. मी स्वतः दोन वर्षे एखाद्या स्वप्नाची वाट पाहण्यात घालवली (स्वप्न काही पडले नाही!). आपण त्याऐवजी मंडळीतील वडिलांशी (चर्चच्या जबाबदार ज्येष्ठांशी) बोला, आणि रविवारच्या शाळेतील एखादा वर्ग वर्षभर सांभाळून पाहा.