‘एंड अप’ म्हणजे ‘संपणे’ का? वाक्यात कसं वापरायचं?

नाही, संपण्यासाठी नुसतं ‘एंड’ पुरतं. ‘एंड अप’ म्हणजे ठरवलं एक आणि शेवटी झालं भलतंच.

मराठीत याच्या सगळ्यात जवळचा प्रयोग म्हणजे आपलं ‘-ऊन बसणे’. ‘आय एंडेड अप बाइंग थ्री शर्ट्स’ म्हणजे एकच शर्ट घ्यायला गेलो आणि तीन घेऊन बसलो. ‘आय बॉट थ्री शर्ट्स’ म्हटलं तर खरेदी कळते, फजिती कळत नाही. बस चुकली तर ‘वी एंडेड अप वॉकिंग’, शेवटी चालतच जावं लागलं.

पुढे क्रियापद आलं की त्याला ‘-इंग’ लावायचं. ‘एंडेड अप टू बाय’ चूक. जागा सांगायची असेल तर क्रियापदाशिवायही चालतं: ‘यू विल एंड अप इन हॉस्पिटल’, म्हणजे अशाने हॉस्पिटलात जाऊन पडशील.

दर वेळी वाईटच घडतं असं मात्र नाही. ‘दे एंडेड अप गेटिंग मॅरीड’ म्हणजे भांडता भांडता शेवटी लग्नच केलं त्यांनी. (आता हे चांगलं की वाईट, तुम्ही ठरवा.)