अरबी समुद्रातले मासे खरंच संपत चाललेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पापलेट, घोळ दरवर्षी महाग आणि आकाराने लहान होत चाललेत, कोळी म्हणतात दर्यात मासळी उरली नाही, आणि सरकारी आकडे मात्र सांगतात की देशाचं मत्स्योत्पादन वाढतंय. मग खरं कोण बोलतंय?

दोघेही. २०२२-२३ साली देशात सुमारे १७५ लाख टन मासे झाले, पण त्यातले १३१ लाख टन गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यातले होते. रोहू, कटला, तळ्यांत वाढवलेली कोळंबी वगैरे. समुद्रातून आले ते ४४ लाख टन. एकूण आकडा फुगतोय तो तळ्यांमुळे. समुद्रात डोल (प्रवाहात बांधायचं पिशवीसारखं जाळं) लावणाऱ्या माणसाला त्याच्याशी काय घेणंदेणं?

बंदरावर उतरणाऱ्या मासळीच्या नोंदी घेण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून एक गोष्ट ठासून सांगतो. बंदरावर उतरलेली मासळी म्हणजे पाण्यात असलेली मासळी नव्हे. २०१९ साली महाराष्ट्रात फक्त २.०१ लाख टन मासळी उतरली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या हिशेबात तो ४५ वर्षांतला नीचांक होता आणि 'मासे संपले' अशी ओरड झाली. पण त्याच वर्षी ऐन हंगामात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आधी क्यार आणि मागोमाग महा अशी दोन चक्रीवादळं आली. बोटी धक्क्याला बांधलेल्या असताना मासे उतरणार कुठून? उलटही होतं. इंजिनाची ताकद वाढवली, जाळं मोठं केलं, आठ-दहा दिवस समुद्रात राहिलं, तर साठा घटत असतानाही वजन तेवढंच भरतं. म्हणून जाणकार माणूस टनांपेक्षा दोन गोष्टी विचारतो: जाळं तासभर ओढल्यावर किती मिळालं, आणि मिळालेला मासा केवढा होता.

दुसरं असं की 'मासे' असं सरसकट बोलून काहीच हाती लागत नाही. प्रत्येक जातीचं दुखणं वेगळं आहे.

तारली घ्या. केरळात २०१२ साली जवळपास ४ लाख टन तारली उतरली. २०२१ साली किती? साडेतीन हजार टनांच्याही आत. आणि २०२३ मध्ये पुन्हा सव्वा लाख टनांच्या वर. हा मासा जेमतेम दोन-अडीच वर्षं जगतो, वर्षाच्या आत अंड्यावर येतो आणि पावसाळी वाऱ्यांमुळे तळाचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं त्यावर पोसतो. ते पाणी नीट वर आलं नाही, एल निनोचं वर्ष लागलं, की तारली गायब. १९४० च्या दशकात, यंत्रांच्या बोटी येण्याआधीही, मलबारात ती अशीच दिसेनाशी झाली होती. याचा अर्थ वाटेल तेवढी मारा असा नाही. पडत्या काळात तिची पिल्लं उपसली तर परत यायला वेळ लागतो. पण तारली गेली म्हणून कोणी समुद्राचं मरण जाहीर केलं, तर मी तरी मान डोलावणार नाही.

शिंगाळ्याची गोष्ट मात्र निखालस माणसाने केलेली आहे. या माशाची मादी अंडी घालते जेमतेम शे-दीडशे, आणि ती तोंडात धरून सांभाळतो नर. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो काही खात नाही. अशा दिवसांतला नर टोपलीतून उचलून जबडा उघडलात तर आत गोटीएवढी पिवळसर अंडी दाटीवाटीने बसलेली दिसतात. काहींत डोळे दिसू लागलेले असतात. या काळात शिंगाळे थव्याने फिरतात, आणि पर्ससीनला (थव्याला वेढा घालून ओढून घ्यायच्या मोठ्या जाळ्याला) थवाच लागतो. १९८० च्या दशकात कर्नाटकाच्या किनाऱ्यावर असे अख्खे थवे वेढून काढले गेले. नरांबरोबर त्यांच्या तोंडातली अंडीही डेकवर सांडून वाया गेली. बांगडा किंवा तारली हजारोंनी अंडी सोडते, तिचा तोटा भरून निघू शकतो. शंभर अंडी पोटाशी धरणाऱ्याचा कसा भरून निघायचा? तो धंदा पुढच्या काही वर्षांत बसला आणि तारलीसारखा उसळून वर आलेला नाही.

आता पापलेट, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा खरा विषय. २०२३ साली महाराष्ट्र राज्याने त्याला 'राज्य मासा' केलं, इतका तो लाडका. पालघरकडे सातपाटीचे लोक वागरा लावून मोठं पापलेट पकडतात. त्या जाळ्याचा आस, म्हणजे छिद्राचा आकार, मोठा, पिल्लू निसटून जातं. त्याच पट्ट्यात वसई-उत्तनकडचे कोळी करली डोल लावतात. डोल प्रवाहात तोंड करून बांधलेली असते आणि शेपटाकडे तिचा आस इतका बारीक होतो की जवळासुद्धा निसटत नाही. बोंबील आणि जवळा हवा असेल तर बारीक आस लागतोच. पण उधाणाच्या ओढीबरोबर त्याच जाळ्यात रुपयाच्या नाण्याएवढी पापलेटची पिल्लंही येतात. सातपाटीवाले म्हणतात, तुम्ही आमचं पुढच्या वर्षीचं पीक कापताय. डोलवाले म्हणतात, आम्ही ती मुद्दाम धरत नाही, आणि बोंबील सोडून खायचं काय? दोघांचंही खरं आहे. त्यात कवींच्या, म्हणजे डोल बांधायला समुद्रात ठोकलेल्या खांबांच्या, जागांवरून जुना वाद आहेच, त्यामुळे ही बोलणी नेहमी चिघळतात.

२०२३ मध्ये राज्याने माशांच्या बऱ्याच जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला सर्वांत कामाचा नियम हाच. पावसाळ्यातली ६१ दिवसांची बंदी, १ जून ते ३१ जुलै, हवीच. पण ती उठली की ऑगस्टमध्ये त्याच बारीक आसाची जाळी पाण्यात पडतात आणि बंदीत जन्मलेली पिल्लंच आधी वर येतात. ट्रॉलच्या (बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या) शेपटाला ४० मिमीचा चौकोनी आस असावा असं सांगून झालंय. एलईडी दिव्यांवरची मासेमारी केंद्राने २०१७ मध्ये बंद केली, पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले. कागद भरपूर आहेत. रात्री किनाऱ्यावर उभं राहून क्षितिजाकडे बघा, दिवे किती दिसतात ते तुम्हीच मोजा.

मासेमारी सोडून समुद्राचंही स्वतःचं काही बिघडलंय. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायू फार कमी असलेला जाड थर आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या अशा थरांपैकी एक. तो पूर्वीपासूनच आहे. मात्र पाणी तापतंय तसा वरचा राहण्याजोगा थर आकसण्याची भीती आहे, आणि तसं झालं तर मासे वर, किनाऱ्याकडे दाटतात. गंमत अशी की तेव्हा जाळ्यात जास्त मासे येतात आणि लोक खूश होतात. उत्तरेकडे हिवाळ्यात हल्ली नॉक्टिल्युका नावाच्या हिरव्या सूक्ष्मजीवाची साय पसरते. रात्री लाटा निळ्या चमकतात, लोक व्हिडिओ काढतात. याआधी तिथे डायटम (सूक्ष्म शैवाल) असायचे, ज्यांच्यावर माशांची अन्नसाखळी उभी असते. नॉक्टिल्युकाला प्रामुख्याने खातात ते जेलीफिश आणि सॅल्प (जेलीसारखेच तरंगते प्राणी), म्हणजे अन्न फिरतं पण माशापर्यंत फारसं पोचत नाही. हे का वाढलं यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

भावाचं विचारलंत, तर साठा घटणं हे त्यातलं एक कारण आहे, एकमेव नाही. मोठं पापलेट, सुरमई निर्यातदार बंदरावरच उचलतो, डिझेल आणि बर्फाचा खर्च प्रत्येक फेरीला वाढतो, मासा लांबून आणावा लागतो. राहिलेली बारीक मासळी फिशमीलच्या (मासळीची भुकटी करायच्या) कारखान्यात जाते, किलोला कवडीमोल भावाने. त्यात उद्याचे मोठे मासे किती होते हे कोणी मोजत नाही, कारण ती नावानिशी नाही, ढिगाने विकली जाते. बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेट 'स्वस्त आहे, घ्या' म्हणून पुढे केलं, तर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकदा मोजा. साडेतेरा सेंटिमीटर भरत नसेल तर ते पकडायलाच नको होतं, आणि विकणाऱ्यालाही ते बहुतेक ठाऊक असतं.