‘फक्त गाठीच्या जागेला शेक’ कुणाला चालतो?

स्तन राखून कॅन्सरची गाठ काढलेल्या बायकांचे, त्यांच्या लेकीसुनांचे शेकाबद्दल, म्हणजे किरणांच्या उपचाराबद्दल (रेडिएशन) प्रश्न सतत येतात. गोंधळ बहुतेक तोच असतो, म्हणून नेहमीच्या काही प्रश्नांची उत्तरं एकत्र देते आहे.

गाठ निघाली, रिपोर्टमध्ये कडाही मोकळ्या आहेत, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सर नाही. मग शेक कशाला? (परभणी)

डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी उरलेल्या स्तनात असू शकतात, त्यांच्यासाठी. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत वीस वर्षांत, शेक न घेतलेल्यांपैकी ३९ टक्के जणींना त्याच स्तनात पुन्हा आजार झाला. शेक घेतलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं.

‘टार्गेटेड शेक, एका दिवसात मोकळे’ अशी जाहिरात वाचली. आईचं वय ४३, काखेतल्या एका गाठीत कॅन्सर निघाला. हा शेक घ्यावा का? (छत्रपती संभाजीनगर)

तुम्ही दिलेल्या माहितीवरून तरी नाही. अशा जाहिराती अर्धीच गोष्ट सांगतात, याचा मला राग येतो. आजार परतला तर बहुतेक वेळा जुन्या गाठीच्या आसपासच परततो. म्हणून काही निवडक बायकांना तेवढ्याच भागाचा शेक पुरतो, हे खरं. पण निवडक म्हणजे कोण? साधारण पन्नाशी ओलांडलेली, गाठ लहान, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारी), कडा मोकळ्या आणि काख स्वच्छ, म्हणजे तिथल्या लसिका ग्रंथींत कॅन्सर नाही. तुमच्या आईचं वय आणि काख, दोन्ही आड येतात. त्यांना पूर्ण स्तनाला आणि कदाचित गळ्याजवळच्या लसिका ग्रंथींनाही शेक लागेल.

‘एका दिवसात’ म्हणजे बहुधा ऑपरेशन टेबलावरच दिलेला एकच डोस. त्या वेळी कडांचा आणि काखेचा अंतिम रिपोर्ट हातात नसतो. तो वाईट आला तर पुढे पूर्ण स्तनाचा शेक घ्यावाच लागतो. मिलानच्या एलियट चाचणीत अशा एकाच डोसनंतर त्याच स्तनात आजार परतण्याचं प्रमाण पूर्ण शेकापेक्षा जास्त निघालं. हे जाहिरातीत कुठे लिहिलेलं असतं?

आणि नेम धरायचा तर जागा कळायला नको? पिशवीतून बाहेर येणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर ‘गाठ काढली’ एवढेच दोन शब्द असतात. कोणत्या भागातली, केवढी, किती खोल, काही नाही. सर्जनने पोकळीच्या भिंतीला चार-पाच टायटॅनियमच्या क्लिपा लावल्या, तर सीटी स्कॅनवर त्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या लख्ख दिसतात. नसतील तर काही आठवड्यांत पोकळी आक्रसते आणि नेम अंदाजावर येतो. म्हणून रेडिएशनच्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेच्या आधी भेटा आणि सर्जनला स्पष्ट विचारा, क्लिपा लावणार ना? काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा पूर्ण रिपोर्ट मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

शेक चालू असताना नातवाला जवळ घेतलं तर चालेल का? (नांदेड)

खुशाल घ्या. मशीन बंद झालं की अंगात किरण उरत नाहीत.

आईची जखम भरली. मुकादमाची उचल घेतलेली आहे. ऊसतोडीहून परत आल्यावर मार्चमध्ये शेक घेतला तर? (बीड)

नको. केमो लागणार नसेल तर जखम भरल्यावर लवकरात लवकर शेक सुरू व्हावा, शस्त्रक्रियेपासून बारा आठवड्यांच्या पुढे जाऊ देऊ नये. केमो असेल तर ती संपल्यावर. उचलीचा घोर मला कळतो. पण हे काम तीन आठवड्यांचं आहे : १५ वेळा, शनिवार-रविवार सुट्टी. काही जणींना एका आठवड्यात ५ वेळाही पुरतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीने ते सिद्ध केलं आहे. मुकादमाला दाखवायला डॉक्टरांचा दाखला घ्या. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. याच आठवड्यात जा.

गाठ डाव्या बाजूला होती. शेकाने हृदय खराब होतं म्हणतात. (लातूर)

कोण म्हणतं? पूर्वी तो धोका जास्त होता. आता दीर्घ श्वास रोखून शेक देता येतो, छाती फुगली की हृदय किरणांपासून लांब सरकतं. तुमच्या केंद्रात ही सोय आहे का, विचारा. हृदयाचा आजार आधीपासून असेल तर तो लपवू नका.

कातडी काळी पडली. शेजारीण हळद-तूप लावायला सांगते. (जालना)

डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही लावू नका. सैल सुती कपडे घाला, ऊन टाळा, शेकासाठी कातडीवर आखलेल्या खुणा घासून पुसू नका.

आत्या ७२ वर्षांच्या आहेत. शेक टाळता येईल का? (हिंगोली)

कदाचित. ६५ च्या पुढच्या, लहान गाठीच्या, काख स्वच्छ असलेल्या, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह बायकांच्या चाचणीत दहा वर्षांत शेकाशिवाय ९.५ टक्के आणि शेक घेऊन ०.९ टक्के जणींत त्याच स्तनात आजार परतला. आयुर्मानात मात्र फारसा फरक पडला नाही. पण या बायकांना पाच वर्षं हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. आत्यांना त्या झेपतील का, हे त्यांच्यासमोर बसून, सगळे रिपोर्ट पाहूनच ठरवावं लागेल. त्यांना घेऊन रेडिएशनच्या डॉक्टरांकडे जा आणि प्रश्न आत्यांनाच विचारू द्या.