हिवाळ्यात ससेक्सच्या किनाऱ्यावर कुत्र्यांसह घर सांभाळताना

मालक बाहेरगावी असताना त्याचं घर आणि कुत्री सांभाळायचं पहिलंच काम, तेही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डिसेंबरात आणि दोन कुत्र्यांसह, घ्यावं का? जरूर घ्या. उन्हाळ्यात कुत्र्यांना मज्जाव असलेले बरेच किनारे हिवाळ्यात मोकळे असतात. ओहोटीच्या ओल्या वाळूवर कुत्रं सुसाट धावताना बघण्यासारखं सुख नाही.

आधी व्हिसा मात्र तपासा. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही, आणि पैसे न घेता नुसत्या राहण्याच्या बदल्यात घर सांभाळणंही काम धरलं जातं.

सुरुवातीला एवढं पाळा:

- फिरणं उजेडात. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या रात्रीच बघून ठेवा.
- सेव्हन सिस्टर्स या इथल्या खडूच्या समुद्रकड्यांवर पट्टा सोडायचा नाही. कडे ढासळतात, आणि पक्ष्यामागे धावणाऱ्या कुत्र्याला कडा दिसत नाही. कुत्रं घसरलंच तर मागे उतरू नका. ९९९ लावून कोस्टगार्ड मागा.
- वादळानंतर वाळूत मेणासारखे पांढरट गोळे दिसले तर कुत्र्यांना लांब ठेवा. ते पाम तेल असू शकतं. कुत्री आवडीने खातात आणि आजारी पडतात.

नवखी माणसं हमखास चुकतात ती संकोचापायी. बॉयलर कसा चालतो, पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, व्हेटचा (जनावरांच्या डॉक्टरचा) खर्च कोण देणार, हे मालक निघायच्या आधी विचाराच. हीटिंग पूर्ण बंद करू नका, कडाक्याच्या थंडीत पाइप गोठून फुटतात.

कुत्र्यांच्या जेवणाच्या वेळा मालकाने ठरवलेल्याच ठेवा. पहिले काही दिवस पट्ट्यावरच फिरवा. तुमच्या हाकेला ती लगेच येणार नाहीत. घरी आल्यावर पंजे गोड्या पाण्याने धुऊन बोटांमधली वाळू काढा. बाकीचं पुढे बोलू.