वही आधी त्याला परत करा

प्रश्न : माझा मुलगा चिपळूणला बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी ७१ टक्के होते, या सत्रात ५४ वर आला. तास बुडवून वाचनालयात बसतो आणि रात्री मोबाइलवर मुंबईच्या गिरणी संपाचे माहितीपट पाहतो. माझे वडील गिरणीत कामाला होते. संपानंतर गावी परतले, आता ८१ वर्षांचे आहेत. तो विषय आमच्या घरात कोणी काढत नाही. हे सगळे आर्ट्सवाल्यांचे विषय, कॉमर्सच्या मुलाला त्यांचा काय उपयोग? मी त्याची पुस्तके कपाटात बंद केली आहेत आणि जूनपासून त्याला बँकेच्या परीक्षांच्या क्लासला घालणार आहे. त्याच्या वहीतील दोन पानांचे फोटो सोबत जोडले आहेत. त्याला समजावून सांगावे.

उत्तर : आपले पत्र वाचताना मला ५४ टक्क्यांची काळजी वाटली नाही, त्या फोटोंची वाटली. वीस वर्षांच्या मुलाची खासगी वही त्याच्या नकळत उघडून तिची पाने परक्या माणसाकडे पाठवणे हे योग्य झाले नाही, आणि ती पाने मीही वाचली असल्यामुळे या चुकीत माझाही वाटा आहे. ही गोष्ट त्याला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी आपण स्वतः सांगावी आणि वही त्याच्या हातात परत द्यावी. ते झाल्याशिवाय मी त्याला समजावण्यात अर्थ नाही.

पहिल्या पानावर त्याने तासाला सांगितलेली औद्योगिक कलहाची, म्हणजे मालक-कामगार वादाची, व्याख्या उतरवून घेतली आहे आणि खाली लिहिले आहे की ती बाजारातल्या गाइडमध्ये शब्दशः तशीच आहे. त्याने प्राध्यापकांना विचारले होते की, अडीच लाख कामगार एका नेत्यामागे उभे असताना कायदा दुसऱ्याच संघटनेला त्यांची प्रतिनिधी कशी मानतो? ‘हे सिलॅबसमध्ये नाही’, एवढेच उत्तर त्याला मिळाले. त्या दिवसापासून तो मागच्या बाकावर बसू लागला. मला हा प्रश्न अवांतर वाटत नाही. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ प्रमाणे एका क्षेत्रातल्या एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक म्हणून मान्यता मिळत असे. मुंबईच्या कापड गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती आणि १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात पगार-बोनसइतकाच हा कायदाही वादाचा मुद्दा होता. पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येला मुलाने आपल्याच घरातले उदाहरण लावून पाहिले. शिक्षकाला याहून अधिक काय हवे असते?

दुसऱ्या पानाचे शीर्षक आहे ‘आजोबांना विचारायचे’. खाते कोणते, सूतकताई की विणकाम? दुसऱ्याच्या जागी बदलीवर होते की कायम? शेवटचा पगार कोणत्या महिन्यात? आणि शेवटी, एकदा खोडून पुन्हा लिहिलेला प्रश्न : संप मिटला कधी? एकाही प्रश्नापुढे उत्तर नाही. शेवटच्या प्रश्नाचे तर कोणाकडेच नेमके उत्तर नाही, कारण तो संप मागे घेतल्याची अधिकृत घोषणा कधी झालीच नाही. आजोबा त्याच घरात आहेत आणि नातू त्यांची माहिती वाचनालयात शोधतो आहे. मुलाचे मन अभ्यासावरून उडाले आहे, असे आपल्याला वाटते. मला तर त्याच्याइतका मन लावून अभ्यास करणारा विद्यार्थी अलीकडे दिसलेला नाही.

घरातला पगार अचानक थांबणे आपण लहानपणी अनुभवले असणार आणि मुलाला बँकेत पाहण्याची आपली घाई त्यातूनच आली असावी. त्या भीतीचा मी मान राखतो. मात्र बँकेच्या परीक्षेला पदवी लागते आणि खुल्या गटाला लिपिकपदासाठी २८, अधिकारीपदासाठी ३० वर्षांपर्यंत मुभा आहे. त्यामुळे या जूनमध्ये क्लास लावण्याची निकड नाही.

‘हे आर्ट्सवाल्यांचे विषय’ हा आपला समज मात्र मुळातच चुकीचा आहे. कामगारांच्या वतीने कोणी बोलायचे, हा प्रश्न गिरण्यांबरोबर संपलेला नाही. संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत, एकाहून अधिक संघटना असतील तेथे ५१ टक्के वा अधिक कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा एकमेव अधिकार दिला आहे आणि अशी संघटना नसेल तर वाटाघाटी परिषदेची तरतूद केली आहे. कारखान्यांचे मनुष्यबळ विभाग, कामगार न्यायालयांत काम करणारे वकील, कामगार संघटना आणि शासनाचा कामगार विभाग या सगळ्यांचे रोजचे काम याच प्रश्नांभोवती चालते आणि तेथे जाण्यासाठी कलाशाखेचीच पदवी लागते असे नाही. तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. परळला, गिरणगावातच, नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेत कामगार अभ्यासाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून झगडलेल्या लोखंड्यांचे नाव आपल्या मुलाला सांगावे लागणार नाही.

मुलालाही मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, आणि हे उत्तर त्याने वाचावे अशी माझी इच्छा आहे. प्राध्यापक गाइड वाचून दाखवतात ही तक्रार खरी आहे, पण तिच्या आडून तू कॉस्टिंग आणि अकाउंट्सचे तासही बुडवतो आहेस, आणि त्याला माझी सहानुभूती नाही. गिरणी तोट्यात आहे असे मालक म्हणत असताना तो तोटा खरा होता की नाही, हे ज्याला ताळेबंद वाचता येतो त्यालाच कळते. ते तुला त्याच कंटाळवाण्या तासांना शिकवले जात आहे. तुझ्या वाचनालयात ते मिळणार नाही.

आपल्याला विनंती एवढीच की, कपाट उघडून पुस्तके त्याला द्यावीत, क्लासची फी तूर्त भरू नये आणि एखाद्या रविवारी त्याला ती वही घेऊन आजोबांजवळ बसू द्यावे. त्या वेळी आपणही तेथे बसावे. वडील ‘गिरणीत कामाला होते’ एवढेच आपण पत्रात लिहिले आहे. ते कोणत्या खात्यात होते, हे बहुधा आपणही त्यांना कधी विचारले नसावे.