वाचकांचे प्रश्न : बंगाली कारागीर आणि इंग्रजी वाक्यातली दुसरी जागा

प्रश्न : मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला इंग्रजीचा शिक्षक आहे. नाशिकच्या सराफ बाजारात काम करणाऱ्या सात-आठ बंगाली कारागिरांना मी आठवड्यातून तीन संध्याकाळी इंग्रजी शिकवतो. विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी, उद्गारार्थी हे वाक्यांचे प्रकार त्यांच्याकडून उदाहरणांसह पाठ करून घेतले. वहीत सगळे बरोबर येते, पण बोलायला तोंड उघडले की 'आय कारागीर', 'ही माय ब्रदर' हेच बाहेर पडते. माझ्या मराठी विद्यार्थ्यांनी अशी चूक क्वचितच केली. माझे कुठे चुकते? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : तुमचे फारसे काही चुकत नाही, तुमची मातृभाषा मराठी आहे एवढेच. मराठीत 'मी कारागीर आहे' या वाक्याला 'आहे' लागते, म्हणून इंग्रजीतला 'ॲम' आपल्या मुलांना फारसा परका वाटत नाही. बंगालीत मात्र वर्तमानकाळी असे वाक्य 'आमि कारिगोर' इथेच पूर्ण होते. (बंगाली शब्द मी उच्चाराच्या जवळ जाईल अशा बेताने देवनागरीत लिहितो आहे.) 'शे आमार भाइ' म्हणजे 'तो माझा भाऊ', त्यात क्रियापद गाळलेले नाही, ते तिथे नसतेच. तेव्हा तुमचा विद्यार्थी 'ही माय ब्रदर' म्हणतो तेव्हा तो निष्काळजीपणा करत नाही, आपल्या भाषेतले शुद्ध वाक्य इंग्रजी शब्दांत मांडतो. आपणही ओळख करून देताना 'हा माझा भाऊ', 'माझे नाव अमुक' असे म्हणतोच. फरक इतकाच की आपल्याकडे ती बोलण्यातली सवलत आहे आणि त्यांच्याकडे तो नियम आहे.

हीच गोष्ट भूतकाळात नेऊन पाहा. 'मी कारागीर होतो' याला बंगालीत 'आमि कारिगोर छिलाम' असे क्रियापदासह म्हणावे लागते, म्हणून 'आय वॉज कारागीर' म्हणताना तोच माणूस सहसा अडखळत नाही. 'मी नाशिकला आहे' याला 'आमि नाशिके आछि' असे क्रियापद आहे, त्यामुळे तिथेही अडचण कमी येते. चूक सगळीकडे पसरलेली नसून एका नेमक्या जागी बसलेली आहे, आणि ती जागा शिक्षकाला माहीत असली की निम्मे काम झाले असे मी समजतो.

आता वाक्यांच्या प्रकारांविषयी. अर्थावरून केलेले हे चार प्रकार बंगाली शाळेतही शिकवतात, तिथे इच्छा किंवा प्रार्थना दाखवणारे वाक्य बहुधा वेगळे मोजतात इतकेच. रचनेवरून केलेले तीन प्रकारही ओळखीचे आहेत : आपले केवल वाक्य म्हणजे त्यांचे 'सरल', आपले मिश्र म्हणजे त्यांचे 'जटिल' आणि आपले संयुक्त म्हणजे त्यांचे 'यौगिक'. शाळेचे तोंड पाहिलेल्या कारागिराला ही नावे सांगितली तर त्याला आपल्या गावची माणसे भेटल्यासारखे वाटेल. पण नावे पाठ असणे आणि वाक्य उभे करता येणे यांचा फारसा संबंध नाही. उद्गारार्थी वाक्यांवर तर मी एक संध्याकाळही खर्च करणार नाही. 'व्हॉट अ ब्यूटिफुल बँगल!' हे गिऱ्हाइकाने म्हणायचे असते, कारागिराने नव्हे. आज्ञार्थी वाक्येही लवकर जमतात. बंगालीत अगदी जवळच्याला 'तुइ', बरोबरीच्याला 'तुमि' आणि मानाच्या माणसाला 'आपनि' म्हणतात आणि तिघांची आज्ञार्थी रूपे वेगवेगळी आहेत, त्यामुळे इंग्रजीतले एकच रूप थोरामोठ्यांना वापरताना त्यांना संकोच वाटतो; तिथे 'प्लीज' शिकवावे आणि पुढे जावे.

वेळ द्यायचा तो वाक्याच्या सांगाड्याला. मराठी आणि बंगाली या दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्याच्या लगेच मागे, म्हणजे दुसऱ्या जागी येते आणि ती दुसरी जागा कधीही रिकामी राहत नाही. काही वर्षांपूर्वी सराफ बाजारातल्या एका माडीवर मी अशाच एका वर्गात जाऊन बसलो होतो. जमिनीवर बैठक, समोर ठेंगणी लाकडी मेजे, एका कोपऱ्यात फुंकणी आणि चिमटे नुकतेच बाजूला सारलेले. शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाच्या पुढे तीन रिकाम्या काडेपेट्या ओळीने मांडल्या होत्या. पहिलीत कर्त्याची चिठ्ठी, दुसरीत क्रियापदाची, तिसरीत उरलेले सगळे. 'आय', 'कारागीर' अशा दोनच चिठ्ठ्या टाकून एक तरुण थांबला, मधली पेटी त्याने बोटाने हलवून पाहिली, रिकामी लागली तसा स्वतःशीच हसला आणि 'ॲम' लिहिलेली चिठ्ठी शोधू लागला. व्याकरणाचे एकही नाव न घेता त्या दिवशी जे शिकवले गेले ते मला वर्षभर फळा पांढरा करूनही जमले नव्हते.

प्रश्नार्थी वाक्यही याच पेट्यांनी शिकवता येते : 'यू आर रेडी' यातल्या पहिल्या दोन पेट्यांची अदलाबदल केली की 'आर यू रेडी?' तयार होते. बंगालीत होय-नाही प्रकारच्या प्रश्नासाठी शब्दांचा क्रम बदलत नाही. आपण शेवटी 'का' लावतो तसा ते बहुधा वाक्याच्या मध्येच 'कि' घालतात. 'तुमि कि खाबे?' म्हणजे 'तू खाणार का?' आणि 'तुमि की खाबे?' म्हणजे 'तू काय खाणार?'. कानाला दोन्ही जवळजवळ सारखेच. लेखनात ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीने भेद दाखवतात आणि बोलण्यात तो जोर कुठे दिला यावरून कळतो. म्हणून हे विद्यार्थी इंग्रजीतही 'यू आर रेडी?' असे नुसता सूर चढवून विचारतात. दुकानात तेवढ्याने भागते, तेव्हा त्यांना त्यावरून टोकू नये. परंतु पेट्यांची अदलाबदल हाताने करायला लावावी.

प्रश्न : माझे सासर बंगाली आहे आणि आम्ही गंगापूर रोडला राहतो. घरात मुलाशी बंगालीच बोलले जाते. तो इंग्रजी शाळेत दुसरीत आहे. आजीविषयी सांगताना 'ही इज कुकिंग' म्हणतो, त्यावरून वर्गात त्याची थट्टा झाली आणि बाईंनी वहीत 'लक्ष देत नाही' असा शेरा मारला. हे खरेच लक्ष न देणे आहे का? – एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : मुळीच नाही, आणि तो शेरा मारण्याआधी बाईंनी घरची भाषा विचारायला हवी होती. बंगालीत 'तो' आणि 'ती' या दोघांना एकच शब्द आहे, 'शे'. 'त्याचा' आणि 'तिचा' यांनाही 'तार' हे एकच रूप चालते. क्रियापदावरूनही काही कळत नाही, कारण बंगाली क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही. बंगाली सर्वनाम भेद करते तो मानाचा : बरोबरीच्या माणसाला 'शे जाय', आदराच्या माणसाला 'तिनि जान'. आपल्या मुलाच्या मनात आजीविषयी बोलताना मानाचा प्रश्न उभा राहतो, लिंगाचा नाही. मराठी मुलाला 'तो गेला, ती गेली, ते गेले' हे बोबड्या वयापासून अंगवळणी पडलेले असते, म्हणून 'ही' आणि 'शी' त्याला फुकट मिळतात.

वचनाच्या बाबतीतही असेच आहे. 'शे जाय' आणि 'तारा जाय', म्हणजे 'तो जातो' आणि 'ते जातात', यांत बंगाली क्रियापद एकच राहते. त्यामुळे 'ही गोज' आणि 'दे गो' यांत एकाने 'स' जोडावा आणि दुसऱ्याने जोडू नये याचे कारण त्या मुलाला सापडत नाही. नियम सांगण्यापेक्षा घरातल्या माणसांचे फोटो घेऊन रोज पाच वाक्ये बोलून घ्यावीत : आजीचा फोटो, 'शी कुक्स', आजोबांचा फोटो, 'ही रीड्स', दोघांचा मिळून फोटो, 'दे वॉक'. आपण मराठी आहात ही इथे सोयीची गोष्ट आहे. त्याच्याशी थोडे मराठी बोलायला लागलात तर 'तो' आणि 'ती' यांचा फरक त्याला इंग्रजीआधीच कळेल.

प्रश्न : पहिल्याच विषयावर थोडे पुढचे विचारतो. लांब वाक्ये शिकवताना माझे बंगाली विद्यार्थी 'ऑल्दो… बट' आणि 'बिकॉज… सो' असे दुहेरी जोड देतात. मला स्वतःलाच यात काही खटकत नाही, पण पुस्तक चूक म्हणते. – एक वाचक, सातपूर

उत्तर : आपल्याला खटकत नाही हेच या प्रश्नातले महत्त्वाचे वाक्य आहे. जिथे मराठी आणि बंगाली वेगळ्या आहेत तिथे शिक्षकाला चूक दिसते, पण तिचे कारण कळत नाही. जिथे त्या सारख्या आहेत तिथे त्याला चूक ऐकूच येत नाही, कारण ती त्याचीही असते. आपल्याकडे 'जरी… तरी' आहे, त्यांच्याकडे 'जोदिओ… तोबुओ' आहे. 'जरी पाणी दुतोंड्या मारुतीच्या (गोदावरीचा पूर नाशिककर ज्या मूर्तीवरून मोजतात तिच्या) कमरेपर्यंत आले, तरी दुकाने उघडी होती' या मराठी वाक्यातून 'तरी' काढला तर ते लंगडे होते, म्हणून इंग्रजीतही हात आपोआप 'बट'कडे जातो. इंग्रजीत दोन वाक्यांना एकच जोड लागतो : 'ऑल्दो द वॉटर रीच्ड द वेस्ट, द शॉप्स वेअर ओपन'. 'ऑल्दो' नको असेल तर मध्ये 'बट' ठेवावा, दोन्ही नकोत. कारागिरांना मी हे सांगतो तेव्हा साखळीचा दाखला देतो : दोन तुकडे जोडायला एक कडी पुरते, दुसरी घातली तर घडणावळ वाढते आणि साखळी अडते. 'इफ… देन' मात्र चालते, तेव्हा 'जोदि… ताहोले' म्हणणाऱ्याला तिथे अडवू नये.

अशीच दोघांची मिळून होणारी आणखी एक चूक आहे. 'दुकान कुठे आहे ते मला माहीत नाही' यातला 'कुठे आहे' हा भाग मराठीत काय किंवा बंगालीत काय, सुटा प्रश्न असला तरी तसाच राहतो आणि मोठ्या वाक्याच्या पोटात गेला तरी तसाच राहतो. इंग्रजीत तसे नाही. सुटा प्रश्न 'व्हेअर इज द शॉप?', पण पोटात गेल्यावर 'आय डोन्ट नो व्हेअर द शॉप इज'. गंमत अशी की पेट्यांची अदलाबदल नीट शिकलेला हुशार विद्यार्थीच इथे जास्त चुकतो, कारण प्रश्नार्थक शब्द दिसला की तो अदलाबदल करून मोकळा होतो. म्हणून हा भाग निदान महिनाभर मागे ठेवावा, आणि शिकवताना 'प्रश्न मिश्र वाक्यात शिरला की पेट्या पुन्हा सरळ लावायच्या' असे सांगावे.

लांब वाक्यांत राहिली ती 'करून', 'जाऊन' अशा रूपांनी लांबत जाणाऱ्या वाक्यांची गोष्ट. कारागिराला त्याचे काम विचारा. तो 'शोना गोलिये, छाँचे ढेले, ठांडा कोरे' असे म्हणत जाईल आणि शेवटी एकच क्रियापद ठेवील. आपणही 'सोने वितळवून, साच्यात ओतून, थंड करून घडवतो' असेच म्हणतो. कितीही लांबले तरी ते केवल वाक्यच राहते. इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवून 'मेल्टिंग गोल्ड, पोअरिंग, कूलिंग, आय मेक' असे केले तर ऐकणारा शेवटपर्यंत खोळंबतो. तिथे साधे संयुक्त वाक्य करावे : 'आय मेल्ट द गोल्ड, पोअर इट अँड लेट इट कूल'. हे वाक्य प्रत्येकाकडून त्याच्या स्वतःच्या कामाविषयी बोलून घ्यावे, मूस हातात असताना घेतले तर अधिकच बरे.